व्हायोलिनं एक बार मागे

सप्रेम सलाम.

तुझे रात्री पावणेदोनचे दोन्ही मेसेज सकाळी चहाबरोबर वाचले. पहिला, ‘बाई, मी आता परत काही लिहिणार नाही.’ दुसरा, चर्चने दर रविवारी ऑर्गनवर बसायला विचारलंय, मानधन जेमतेम आहे, त्यात अडकून पडेन, तर नाही म्हणू का. फोनवर तू रडतेस आणि मी शिकवायला लागते. म्हणून आज कागद काढला.

आधी तुझी रचना वाजली त्या संध्याकाळबद्दल. मी तिसऱ्या रांगेत होते. दुसरं व्हायोलिन शेवटच्या भागात हरवलं ते हरवलंच, आणि सगळे एकमेकांकडे बघत बघत शेवटाला पोचले. एकच रिहर्सल, तीही अर्धी. त्यानंतर एक गृहस्थ तुला म्हणाले, ‘छोटी छोटी गाणी लिही, ते तुला शोभेल.’ हे शेवटचं वाक्य तुला सगळ्यात जास्त लागलंय हे मला कळलं. पण हे वाक्य जुनं आहे. तुझ्याआधी ते अनेकींना ऐकवलं गेलंय.

माझ्या कपाटातली काळी फाइल तुला माहीत आहे. पानं उलटायला तू एकदा शेजारी उभी होतीस आणि विचारलं होतंस, ‘ही एल्फ्रिडा आंद्रे कोण?’ मी तेव्हा ‘स्वीडनची होती’ एवढंच म्हणून मोकळी झाले. आज सांगते.

बाल्टिक समुद्रात गॉटलंड नावाचं बेट आहे. तिथल्या विस्बी गावात १८४१ मध्ये ती जन्मली. वडील डॉक्टर, सुधारक मताचे, संगीतवेडे. त्यांनी दोन्ही मुलींना गाणं-वाजवणं शिकवलं. थोरली फ्रेड्रिका पुढे स्टॉकहोमच्या ऑपेरात मोठी गायिका झाली. धाकटीला ऑर्गन हवा होता. बाईने ऑपेरात गायलं तर लोक टाळ्या वाजवत, पण चर्चमध्ये ऑर्गनवर बसायचं म्हटलं की कायदा आडवा. चौदाव्या वर्षी ती स्टॉकहोमला गेली. संगीत अकादमीच्या ऑर्गनच्या वर्गात मुलींना प्रवेश नव्हता. मग आपल्याकडे सतरा नंबरचा फॉर्म भरतात तशी ती बाहेरून परीक्षेला बसली आणि १८५७ मध्ये, सोळाव्या वर्षी, ऑर्गनिस्टची परीक्षा पास झाली. तिच्या देशात तोवर कुठल्याच बाईने ती दिली नव्हती.

पण हातात प्रमाणपत्र आणि नोकरी नाही. बाप-लेकीने अर्जांमागून अर्ज केले. १८६१ मध्ये कायदा बदलला आणि स्टॉकहोमच्या फिनिश चर्चमध्ये तिला ऑर्गन मिळाला. तेवढ्यावर भागेना म्हणून ती तारायंत्राचं काम शिकली. तेही दार बायकांना बंद होतं. त्यासाठीही पुन्हा अर्ज, पुन्हा खटपट, आणि १८६३ मध्ये तेही उघडलं. स्वीडनमधल्या पहिल्या तारबाईंमध्ये तिची गणना होते. (मला हे चित्र फार आवडतं. आठवडाभर कट्ट-कडकट्ट, आणि रविवारी त्याच बोटांनी बाख.)

तुला हसू येईल, पण मी सतरा वर्षांची असताना नगरला आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एका ज्येष्ठांनी मला बायबलमधलं पौलाचं पत्र काढून दाखवलं होतं. स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावं, वगैरे. मी म्हटलं, मी गप्पच असते की, फक्त वाजवते. त्यांना त्यावर वचन सापडलं नाही आणि मी पायपेटीवर कायम झाले.

आता तुझ्या कामाची गोष्ट. १८६७ मध्ये गॉथेनबर्गच्या कॅथेड्रलची जागा निघाली. अर्ज केलेले बाकीचे पुरुष होते, निवड तिची झाली. सव्विसाव्या वर्षी मिळालेली ती जागा तिने १९२९ मध्ये मरेपर्यंत सोडली नाही. एकसष्ट वर्षं! पगार, एक उत्तम वाद्य आणि दगडी इमारतीतला तो रेंगाळणारा आवाज, सगळं एका जागी. दुसऱ्याच वर्षी तिने पहिली सिम्फनी, म्हणजे पूर्ण ऑर्केस्ट्रासाठीची मोठी रचना, लिहिली, सी मेजरमध्ये. १८६९ मध्ये ती स्टॉकहोमला वाजली.

वाजली म्हणजे काय! शेवटच्या भागात पहिली व्हायोलिनं बाकीच्यांच्या एक बार, म्हणजे तालाचं एक आवर्तन, मागे. पूर्ण भागभर. जाणती माणसं ऑर्केस्ट्रात बसून अख्खा भाग एक बार मागे वाजवतात, हे चुकून होतं का? तिला तसं वाटलं नाही. मलाही वाटत नाही. आणि नंतर तिलाही तोच सल्ला मिळाला. बाईने छोट्या चीजा लिहाव्यात.

तुझं दुसरं व्हायोलिन मात्र मुद्दाम हरवलेलं नाही. कार्यक्रमानंतर तू मंचावर विसरलेले पार्ट, म्हणजे एकेका वादकाचे कागद, मी घरी आणले आणि चष्मा लावून बसले. दुसऱ्या व्हायोलिनला तू सतरा बार विश्रांती दिलीस आणि एकही क्यू लिहिला नाहीस. त्या मुलाने सतरापर्यंत मोजायचं कसं, तेही मधे लय बदलत असताना? पहिल्या व्हायोलिनची दोन बारांची ओळ बारीक अक्षरात वर लिहिली असतीस तर तो वेळेत परतला असता. आणि व्हायोलाची सगळ्यात खालची तार सी आहे, बाळा. तू तिला त्याच्याही खालचा बी लिहिलायस. बिचाऱ्याने तो वरच्या सप्तकात वाजवला आणि तुझा बास उलटा झाला. कॉम्प्युटरवर ऐकताना हे कळत नाही. कॉम्प्युटर जे नाही तेही वाजवतो.

हे ऐकून पुन्हा रडू नकोस. मी हे कोणाला सांगते? ज्याचं काही होणार नाही त्याला मी ‘छान झालं’ म्हणते आणि रिक्षा पकडते.

१८६९ नंतर आंद्रेबाईंची दुसरी सिम्फनी आली ती १८७९ च्या सुमाराला. दहा वर्षं. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा पुस्तक मिटून बसले, कारण माझीही अकरा वर्षं आहेत. तुला मी हे कधी सांगितलं नव्हतं. सव्विसाव्या वर्षी मी नाताळासाठी चार आवाजांत एक मोठी रचना लिहिली. शब्द मराठी, चाल माझी. गाणारे एका चर्चचे. टेनर मधेच उतरले, आल्टो सोप्रानोच्या मागे गेल्या, आणि शेवटी पाळकांनी उभं राहून सरळ प्रार्थना सुरू केली. मी घरी येऊन वह्या ट्रंकेत टाकल्या आणि अकरा वर्षं एक ओळ लिहिली नाही. शिकवण्या केल्या, संसार केला, कोणी विचारलं की ‘वेळ मिळत नाही’ म्हणाले. खरं तर रुसले होते. ज्यांच्यावर रुसले त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

तिची दहा वर्षं वेगळी गेली. ती कोपनहेगनला नील्स गाडे यांच्याकडे शिकायला गेली. मोठा संगीतकार, आणि स्वतःही चर्चचा ऑर्गनिस्ट. आणि दर रविवारी ती ऑर्गनच्या बाकावर होती. या बाकाबद्दलच मला तुझ्याशी बोलायचंय.

तू म्हणतेस ‘अडकून पडेन’. काय काय होतं ते सांगते. ऑर्गनची पट्टी कितीही जोरात दाब, आवाज तेवढाच. पियानोवर बोटाने जे साधतं ते इथे साधत नाही. मोठं करायचं तर स्टॉप, म्हणजे पाइपांचा आणखी एक संच उघडणारा खटका, ओढायचा, आवाजात आवाज मिळवायचा. आठ फुटी पाइपाखाली सोळा फुटी घातला की तोच सूर एक सप्तक खाली उतरतो आणि जमीन हलल्यासारखी वाटते. बासरीसारखा एक, तुतारीसारखा एक, तंतुवाद्यासारखा एक. कुठला कुणाबरोबर बसतो आणि कुठला कुणाला गिळतो, हे दर आठवड्याला कानाने कळतं. म्हणजे ऑर्केस्ट्रा लिहिण्याचा अभ्यास, तोही कुणाला मानधन न देता. आपल्याकडे चर्चमध्ये पायपेटी किंवा इलेक्ट्रॉनिक ऑर्गन असतो हे मला ठाऊक आहे. पायपेटीत पाइप नसतात, धातूच्या पत्त्या (रीड) असतात, आणि भाता आपल्याच पायांनी मारावा लागतो. तरी पायपेटीला कमी लेखू नकोस. संगीत नाटकांनी तिच्यावर रात्री जागवल्यात, आणि रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं मी तिच्यावरच शिकले.

आणि दानपिशवी फिरते तेव्हा काय करशील? छापलेलं संपतं, पिशवी अजून मागच्या रांगेत असते. मग हाताला येईल ते वाजवायचं, आणि पाळक उठले की दोन बारांत सुराला घर गाठून द्यायचं. वीस वर्षं हे केल्यावर मला कळलं की रचना किती लांब असावी हे कोणी शिकवत नाही, ते पिशवी शिकवते. शिवाय मंडळी श्वास घेते. दीडशे माणसं एकत्र श्वास घेतात तिथे तुझ्या सुरावटीला थांबावंच लागतं. तुझ्या त्या रचनेत श्वासाला जागा नव्हती. आता कळलं मी हे का सांगतेय?

आंद्रेबाईंची पहिली ऑर्गन सिम्फनी, बी मायनर, १८९२ मध्ये लंडनहून छापून आली. तेव्हा त्या एक्कावन्न वर्षांच्या होत्या, म्हणजे पंचवीस वर्षं त्याच बाकावर बसून झाल्यावर. काळ्या फाइलीत आहे ती हीच. मधला अडाजिओ, म्हणजे संथ भाग, हळू हळू उलगडतो, घाई नाही, आणि शेवटचा भाग सुरू झाला की हात आणि पाय एकमेकांच्या मागे धावतात. माझ्या गुडघ्यांना आता तो झेपत नाही. तुझ्या झेपेल.

खरं सांगायचं तर ऑर्केस्ट्राची ती पहिली सिम्फनी मला तितकी आवडत नाही. जर्मन संगीतकार मेंडेल्सोनचा आणि त्या काळच्या शाळेचा वास येतो. त्याआधीचा ई मायनरमधला पियानो क्विंटेट, म्हणजे पियानोसह पाच वाद्यांची रचना, जास्त ताजा आहे. पण तिच्याबद्दल बोलणारे लोक तिचं संगीत क्वचितच ऐकवतात. पहिली ऑर्गनिस्ट, पहिली तारबाई, पहिली सिम्फनी लिहिणारी. ‘पहिली’ची यादी संपेस्तोवर भाषण संपतं आणि अडाजिओ राहून जातो. तुझ्या वाट्यालाही हे येईल. कोणी ‘पुण्यातली पहिली’ म्हणालं की हसून त्यांच्या हातात स्कोअर, म्हणजे रचनेची पूर्ण स्वरलिपी, दे.

एक ऑपेराही आहे. स्टॉकहोमला नवं ऑपेरागृह बांधलं जात होतं, त्यासाठी स्पर्धा निघाली. आंद्रेबाईंनी ‘फ्रिथिओफ्स सागा’ लिहिली आणि तिचे शब्द सेल्मा लागरलॉफने दिले, जिला पुढे १९०९ मध्ये साहित्याचं नोबेल मिळालं, बायकांमध्ये पहिलंच. अशा दोघी एकत्र! तरी स्पर्धा जिंकली नाही आणि तिच्या हयातीत तो ऑपेरा पूर्ण रंगमंचावर आला नाही. तिने काय केलं? त्यातले भाग काढून ऑर्केस्ट्रासाठी सूट, म्हणजे तुकड्यांची मालिका, बांधली. हे मला फार शहाणपणाचं वाटतं. माझी ट्रंक आठवते आणि लाज वाटते. तुझा दुसरा भाग, तो संथ, तसाच्या तसा ऑर्गनवर बसतो. मी काल करून पाहिला. व्हायोलाचा तो बी सोळा फुटी पाइपावर कसा वाजेल विचार कर. तिथे तो चुकीचा राहत नाही.

१८९७ पासून, म्हणजे छप्पन्नाव्या वर्षापासून, तिने गॉथेनबर्गमध्ये कामगारांसाठी स्वस्त तिकिटांचे संगीतसभांचे कार्यक्रम चालवले. सुमारे आठशे झाले. आठशे वेळा हॉल, वादक, गायक, तिकिटं आणि आयत्या वेळी आजारी पडलेला सेलोवाला! ज्या बाईची सिम्फनी वादकांनी बुडवली, ती पुढे स्वतःच वादकांना बोलवू लागली. तुला एक रिहर्सल मिळाली ती दुसऱ्याने दिली म्हणून. दोन हव्या असतील तर कार्यक्रम तुझा असला पाहिजे. चर्चचा हॉल फुकट मिळतो, हे विसरू नकोस. बाकावर बसणाऱ्याला तर नक्कीच.

बायकांचं उत्थान हे तिने आयुष्यभराचं ब्रीद मानलं होतं. १९११ मध्ये स्टॉकहोमला मताधिकाराची आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तिच्यासाठी तिने कॅंटाटा, म्हणजे गायकांसाठीची मोठी रचना, लिहिली. स्वीडनच्या बायकांनी संसदेसाठी पहिल्यांदा मत दिलं १९२१ मध्ये. ती ऐंशीची होती, आणि अजून नोकरीवर होती.

तर चर्चला हो म्हण, पण मानधन ठरवून घे आणि लिहून घे. ‘सेवा आहे’ म्हणाले तर म्हण, पाळकांचीही सेवाच आहे. रंगरंगोटीच्या दिवसांत वाद्यावर जाड चादर टाकायला सांग. आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी तुला एकटीला सराव करता येईल अशी किल्ली माग. मानधनापेक्षा किल्ली महत्त्वाची.

शनिवारी चारला ये. पार्ट माझ्याकडेच आहेत, लाल पेन तू आण. क्यू दोघी मिळून लिहू, सतराच्या सतरा बारांचे. माझी नाताळची वहीही बाहेर काढून ठेवते. टेनर उतरले ते कुठे ते तूच बघून सांग. मला अजून कळलेलं नाही.

तुझी,
बाई