बोक्याचे सारखे जुलाब आणि "दोन दिवस उपाशी ठेवा"

ड्राय फूडचा ब्रँड बदलल्यापासून बोक्याला थोड्या थोड्या दिवसांनी जुलाब, दवाखान्यात दर वेळी तीच गोळी आणि "दोन दिवस काही देऊ नका". तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही, कारण हेच चक्र आमच्याही घरी झालंय. जंतांचं औषध आणि लसी झाल्या असतील असं धरून लिहितेय. मी पशुवैद्य नाही, हे उत्तर तपासणीला पर्याय नाही.

आधी उपाशी ठेवणं थांबवा. कुत्र्याला एक दिवस लंघन देण्याची जुनी पद्धत आहे, ती मांजराला लावायची नसते. मांजर पोटात काही नसलं तरी प्रथिनं जाळतच राहतं, आणि अंगातली चरबी यकृताकडे धावते. ती निस्तरायची यकृताची ताकद कमी पडते, यकृतातच चरबी साठते आणि मांजराची उरलीसुरली भूकही मरते. दोन-तीन दिवसांच्या उपासात हे सुरू होऊ शकतं, त्यातही बोका जाडजूड असेल तर धोका जास्त. डोळे, हिरड्या, कानाची आतली बाजू पिवळी दिसायला लागली की मग नळीने खाऊ घालण्यापर्यंत वेळ येते. पिल्लाच्या बाबतीत तर काही तासांतच साखर घसरते. आम्ही जात होतो त्या दवाखान्यात हाच सल्ला दर वेळी मिळायचा. काय खातो, किती खातो, शी कशी होते, हे एकदाही विचारलं नाही आणि शीची तपासणी एकदाही सांगितली नाही. सगळ्यात जास्त वेळ, पैसा आणि त्या जिवाची ताकद तिथेच गेली. याचा मला आजही राग येतो.

तर खायला काय द्यायचं? बिनहाडाचं, बिनकातडीचं चिकन नुसत्या पाण्यात उकडा. मीठ नाही, हळद नाही, आलं-लसूण तर अजिबात नाही (कांदा-लसणाने मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात). ४ किलोच्या मांजराला दिवसाला साधारण १२० ग्रॅम, चार-पाच वेळा विभागून, कोमट, उकडलेल्या पाण्यासकट. टॉरिन हे मांजराला अत्यावश्यक द्रव्य त्या पाण्यात उतरतं, म्हणून पाणी ओतून देऊ नका. हे तीन-चार दिवसच. नुसत्या चिकनमध्ये कॅल्शियम जवळजवळ नसतं. त्यावर महिनोन्‌महिने वाढवलेल्या पिल्लांची हाडं ठिसूळ होतात.

शी आवळली की नवं खाणं हळूहळू आणा. पहिले ३ दिवस पाव भाग नवं, पुढचे ३ दिवस निम्मं, मग ३ दिवस पाऊण, दहाव्या दिवशी पूर्ण. मध्येच पातळ झालं तर एक पायरी मागे या आणि तीन दिवस तिथेच थांबा. आतड्यातल्या जिवाणूंना नव्या खाण्याची सवय व्हायला वेळ लागतो. दुकानदार म्हणाला म्हणून एका रात्रीत पाकीट बदललं की बऱ्याचदा बिघडतं. आणि वाटीने मोजू नका, काट्यावर तोला. नसबंदी झालेल्या, घरातच असणाऱ्या ४ किलोच्या बोक्याला ड्राय फूड ५० ते ६० ग्रॅम पुरतं. नुसतं जास्त खाण्यानेही शी पातळ होते.

आता शी नीट बघा. थोडी थोडी, सारखी, चिकट, वर ताज्या रक्ताचा धागा असेल तर त्रास मोठ्या आतड्याचा. भरपूर, पाण्यासारखी आणि सोबत वजन उतरत असेल तर लहान आतड्याचा. पहिल्या प्रकारात ओल्या खाण्यात पाव चमचा इसबगोल पाण्यात पूर्ण भिजवून दिलं तर बऱ्याच मांजरांना फरक पडतो. गोळी मागण्याआधी शीची तपासणी मागा, तीही वेगवेगळ्या दिवसांच्या तीन नमुन्यांची, कारण जिआर्डिया (आतड्यात राहणारा, जुलाब करणारा सूक्ष्म परजीवी) रोज शीत सापडत नाही. मेट्रोनिडाझोल ही अँटिबायोटिक गोळी दर जुलाबाला देणं मला पटत नाही. आतड्यातले चांगले जिवाणूही त्यात मरतात, आणि ती इतकी कडू असते की मांजर फेस गाळतं आणि नंतर खाण्याकडे बघतही नाही. डॉक्टरांनी तपासून दिली तर मात्र अर्धवट सोडू नका. घरातल्या माणसांच्या जुलाबाच्या गोळ्या देऊ नका, पॅरासिटामॉल तर चुकूनही नाही. मांजराचा त्याने जीव जातो.

एवढं करूनही जुलाब परत आले तर खाण्याच्या ॲलर्जीचा संशय घ्या. मांजरांत चिकन, बीफ आणि मासे हे नेहमीचे गुन्हेगार, म्हणजे उकडलेलं चिकनच त्रास वाढवत असू शकतं. पाकिटावर मोठ्या अक्षरांत 'टूना' असलं तरी मागची बारीक यादी वाचा, त्यात अनेकदा चिकन असतंच. डॉक्टरांशी बोलून हायड्रोलाइज्ड खाणं (ज्यातली प्रथिनं आधीच बारीक तोडलेली असतात) किंवा कधीच न खाल्लेल्या प्राण्याचं मांस द्या, आणि दुसरं काहीही नको: ट्रीट नाही, ताटातला तुकडा नाही, शेजारच्या काकूंचं दूध तर नाहीच. मोठ्या मांजरांना दुधातली साखर सहसा पचत नाही. पोटाचा त्रास खाण्यामुळेच असेल तर बहुधा दोन आठवड्यांत फरक दिसतो.

दुकानातलं सुट्टं ड्राय फूड घेत असाल तर आधी ते बंद करा. उघड्या पोत्यातली चरबी खवट होते, पावसाळ्यात बुरशीही धरते. छोटं सीलबंद पाकीट घ्या, मूळ पिशवीसकट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि महिनाभरात संपवा.

बोक्याने २४ तास काहीच खाल्लं नाही, सोबत उलट्या होत असतील, शी काळी डांबरासारखी असेल किंवा मानेची कातडी चिमटीत उचलून सोडल्यावर लगेच बसत नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या, जमलं तर दुसऱ्या डॉक्टरकडे. जाताना ताजी शी स्वच्छ डबीत घ्या आणि त्याच्या सध्याच्या पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो काढून ठेवा.