धामण की नाग? ओठ बघा, मग ठरवा

प्रश्न : ऊसतोड चालू असताना सरीतून सहा फुटी पिवळसर साप निघाला. फणा काढला नाही म्हणून टोळीतल्या लोकांनी ती धामण ठरवली. एवढ्यावर ओळख पक्की धरावी का? (एक शेतकरी, शिरोळ)

उत्तर : मुळीच धरू नये. पळ काढणारा नाग बहुतेक वेळा फणा काढतच नाही. रंगही फसवतो, कारण पिवळसर, तपकिरी, काळपट अशा छटा दोन्ही सापांत असतात. लांबीची थोडी मदत होते. नाग साधारण साडेतीन ते पाच फुटांचा असतो, तर धामण सहा-सात फूट सहज भरते. पण पळत्या सापाच्या लांबीचा अंदाज हमखास चुकतो.

दहा-बारा फूट लांब राहून मोबाइलवर झूम करा आणि आधी तोंड बघा. धामणीचा ओठ फिकट असतो आणि त्यावरच्या खवल्यांच्या सांध्यांवर काळ्या उभ्या रेघा असतात. डोळा मोठा, बाहुली गोल आणि मान डोक्यापेक्षा चांगलीच बारीक. नागाचं डोकं मानेपासून असं वेगळं उठून दिसत नाही. धामणीच्या अंगाच्या मागच्या भागावर काळी, तुटक जाळी दिसते. कोंडीत सापडली की ती मान दोन्ही बाजूंनी चपटी करून उभी फुगवते, घशातून गुरगुरते आणि पाचटात शेपटी थरथरवते. नाग मान आडवी पसरतो. हा फरक एकदा नजरेत बसला की विसरत नाही.

बांधावर कात सापडली तर तिच्यासारखा पुरावा नाही. ती पाण्यात भिजवून कागदावर अलगद पसरा. अंगाच्या मधोमध, पोटाचे रुंद खवले सोडून, एका कडेपासून पाठीवरून दुसऱ्या कडेपर्यंत तिरप्या रेषेत ओळी मोजा. धामणीत त्या 16 ते 18 भरतात, नागात 21 ते 25. मोजणी मानेजवळ करू नका, नागाच्या फण्यापाशी ओळी वाढतात. शेपटीकडेही नको, तिथे त्या कमी होतात. डोक्याची कात शाबूत असेल तर नाकपुडी आणि डोळा यांच्यामधली जागा बघा. धामणीत तिथे सहसा दोन-तीन बारके खवले असतात. नागात ते नसतात. वरच्या ओठाचा तिसरा खवलाच मोठा होऊन नाकपुडीच्या खवल्याला आणि डोळ्याला भिडतो. कात निघताना ताणली जाते, म्हणून साप तिच्याहून आखूडच असतो.

प्रश्न : मे महिन्यात ओढ्याकाठी दोन साप एकमेकांना पीळ घालून उभे राहिले होते. गावात म्हणतात, नाग आणि धामणीची जोडी. त्यांच्यावर कोरं कापड टाकलं तर बरकत येते म्हणे. (एक वाचक, कागल)

उत्तर : ते दोन्ही धामणीच होते, आणि दोन्ही नर. विणीच्या हंगामात नर अशी झुंज खेळतात. धड एकमेकांभोवती पिळायचं, पुढचा भाग उंच उचलायचा आणि समोरच्याचं डोकं खाली दाबायचं. हरलेला निघून जातो. चावाचावी सहसा होत नाही. नाग आणि धामण या वेगळ्या जाती, त्यांची जोडी जमत नाही. कापड टाकायला जवळ गेलात तर झुंज मोडते आणि बिथरलेला साप चावूही शकतो. लांबून बघा, गर्दी जमू देऊ नका.

प्रश्न : गोठ्यात धामण येते. म्हशीच्या पायांना विळखा घालून दूध पिते का? म्हशीच्या सडाला जखम झाली आहे. (गडहिंग्लज)

उत्तर : नाही. सापाला दूध ओढून घेता येत नाही, आणि त्याचे मागे वळलेले दात सडाला लागले तर म्हैस क्षणभरही उभी राहणार नाही. जखमेचं कारण दुसरंच आहे, जनावरांच्या डॉक्टरांना आजच दाखवा. कासदाह असेल तर उशीर महागात पडतो.

धामण येते ती उंदीर-घुशींसाठी. पेंडीची पोती जमिनीपासून फूटभर उंच फळीवर आणि भिंतीपासून सुटी ठेवा, सांडलेला भरडा रोज झाडून घ्या, घुशींची बिळं बुजवा. मोरीच्या तोंडाला बारीक लोखंडी जाळी बसवा. नायलॉनची जाळी मात्र लावू नका. साप तिच्यात अडकतो, पुढे घुसत राहतो आणि दोरा खवल्यांखाली रुतून बसतो. असा अडकलेला साप दिसला तर ओढाताण न करता सर्पमित्राला किंवा वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा. बिळं बुजवताना किंवा पाचट उचलताना पांढरी, लांबट अंडी दिसली तर ती फिरवू नका. होती तशीच झाकून टाका.

प्रश्न : धामण चावली तर काय करायचं? शेपटीच्या फटक्याने अंग झडतं हे खरं का? (करवीर)

उत्तर : धामण बिनविषारी आहे आणि शेपटीतही विष नसतं. चावल्यावर रक्त बरंच येतं; जखम साबण-पाण्याने धुवा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारा. पण साप धामणच होता याची पक्की खात्री नसेल तर तो विषारी धरूनच वागा. दोरी बांधू नका, चिरा देऊ नका, चावलेला हात-पाय हलवू नका. 108 ला फोन करून माणसाला कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात किंवा जवळच्या ग्रामीण रुग्णालयात न्या. सापाचा फोटो लांबून मिळाला तर घ्या, त्याच्यामागे धावू नका.