पहिले नऊ महिने व्याज येणारच

प्रश्न : ताई, मी लेस्टरला राहतो, आयटीत आहे. आठ महिन्यांपूर्वी एका पीअर-टू-पीअर प्लॅटफॉर्मवर ५०० पौंड लावले. पडकी घरं घेऊन, दुरुस्त करून विकणाऱ्यांना हे लोक कर्ज देतात आणि ती रक्कम आपल्यासारख्यांकडून थोडी थोडी गोळा करतात. घर तारण असतं. दर महिन्याला व्याज येतंय, एकदाही चुकलं नाही. आता एकाच नव्या कर्जात २०,००० पौंड घालायचं मनात आहे. जुनं टेरेस हाउस आहे, किंमत २ लाख दाखवली आहे, कर्ज १ लाख ४० हजार, म्हणजे सत्तर टक्के. व्याज ९ टक्के, मुदत १२ महिने. बायको नको म्हणतेय. घरच तारण आहे म्हटल्यावर बुडणार काय?
– एक वाचक

उत्तर : तुमच्या पत्रातलं ‘एकदाही चुकलं नाही’ वाचलं आणि मी तिथेच थांबले. चुकेल कसं? अशा कित्येक कर्जांत कर्जदार महिन्याच्या महिन्याला खिशातून व्याज भरतच नाही. त्याच्याकडे असतं एक पडकं घर. त्यात भाडेकरू नाही, उलट रोज मजुरी जातेय. म्हणून कर्ज देतानाच काही महिन्यांचं व्याज कापून बाजूला ठेवतात आणि त्यातून तुम्हाला हप्ता येतो. थोडक्यात, तुमच्याच पैशातलं तुम्हाला परत. यात लबाडी काही नाही, कागदपत्रांत तसं लिहिलेलंही असतं. पण त्या आठ हप्त्यांवरून कर्जदार कसा आहे हे काडीचंही कळत नाही. मुद्दल येणार ते घर विकलं गेलं किंवा त्यावर नेहमीचं मॉर्गेज मिळालं तरच. चालू स्वयंपाकघर किंवा बाथरूम नसलेल्या घराला बँका सहसा मॉर्गेज देत नाहीत. तो माणूस महागड्या कर्जाकडे वळतो तो म्हणूनच.

मी १९ वर्षं एका सर्व्हेयरच्या ऑफिसात मूल्यांकनाचे रिपोर्ट टाइप केले. एवढं माहीत असूनही २०१६ साली मी स्वतः अशाच एका घरावर १,५०० पौंड लावले. (शहाणपण टाइप करता येतं, अंगात उतरतंच असं नाही.) नऊ महिने व्याज घड्याळासारखं आलं. दहाव्या महिन्यात पत्र आलं की छपराचं काम जवळजवळ झालंय, कर्जदार मॉर्गेजची वाट बघतोय. सोबत फोटो होता : भिंतीला टेकवलेली शिडी, वरून तिसऱ्या पायरीला अडकवलेली निळी बादली. चार महिन्यांनी ‘ताजी प्रगती’ म्हणून दुसरा फोटो आला. तीच शिडी, तीच पायरी, तीच बादली. त्या दिवशी मला कळलं. तीन वर्षांनी हातात पडले पौंडामागे ६४ पेन्स, म्हणजे ९६० पौंड.

आता तुमच्या २ लाखांकडे बघू. हे २ लाख कधीचे? आजचे, की काम पूर्ण झाल्यावरचे? या धंद्यात दोन्ही आकडे चालतात आणि जाहिरातीत जो मोठा असतो तो मोठ्या अक्षरांत येतो. सत्तर टक्के कशाचे ते आधी रिपोर्ट उघडून बघा, सारांशावर जाऊ नका. दुसरं म्हणजे कर्जदाराने घर कितीला घेतलं? इंग्लंडमध्ये विक्रीच्या किमती लँड रजिस्ट्रीकडे, म्हणजे मालमत्तांच्या सरकारी नोंदणी खात्याकडे, फुकट बघता येतात, फक्त अगदी ताजा व्यवहार तिथे दिसायला वेळ लागतो. समजा, त्याने ते लिलावात दीड लाखाला घेतलंय. मग १ लाख ४० हजार म्हणजे सत्तर नव्हे, त्र्याण्णव टक्के झाले. त्याचा स्वतःचा पैसा त्यात जेमतेम आहे. बिनसलं की असा माणूस किल्ली टाकून मोकळा होतो.

बिनसलं तर तारण विकायचं ते कुठल्या अवस्थेत, याचा विचार कोणी करत नाही. अर्धवट दुरुस्त केलेलं घर न दुरुस्त केलेल्या घरापेक्षा वाईट. प्लास्टर खरवडलेलं, वायरिंग लोंबतंय, कौलं काढून वर ताडपत्री टाकलेली. एक हिवाळा गेला की लाकूड कुजायला लागतं. नवा खरेदीदार आधीचं काम कोणी, कसं केलं या शंकेचेही पैसे कापून घेतो. शिवाय भिंत पाडून झाली असेल आणि काम नियमांत बसतं असा बिल्डिंग कंट्रोलचा दाखला नसेल, तर त्याचा वकीलच अडून बसतो. समजा, रिसीव्हर (वसुलीसाठी तारण ताब्यात घेऊन विकणारा माणूस) नेमून ते सव्वा लाखाला गेलं. रिसीव्हर, वकील, एजंट आधी आपले पैसे काढून घेणार. धरा १२ हजार. उरले १ लाख १३ हजार. तुमच्या २०,००० चे साधारण १६,१००. वर्षाच्या १,८०० व्याजासाठी ही जोखीम घ्यायची आहे का, हा बायकोचा प्रश्न आहे, आणि तो बरोबर आहे.

बोजा पहिला आहे ना, हेही बघा. थोडी फी भरून लँड रजिस्ट्रीतून घराचा उतारा कोणालाही काढता येतो, त्यात बोजे नोंदवलेले असतात. दुसरा बोजा असेल तर पहिल्याचं पूर्ण फिटल्यावर उरलंसुरलं तुमचं. आणि बोजा कोणाच्या नावावर आहे? प्लॅटफॉर्मपासून वेगळ्या विश्वस्त कंपनीच्या नावावर असेल तर बरं, कारण उद्या प्लॅटफॉर्मच बुडू शकतो. लेंडी ही मालमत्तेवर कर्ज देणारी कंपनी मे २०१९ मध्ये प्रशासकाच्या हाती गेली, तेव्हा हजारो लोकांचे पैसे अडकून पडले. बँकेतल्या ठेवीला एफएससीएस या भरपाई योजनेचं संरक्षण असतं. कर्ज बुडाल्याच्या नुकसानीला ते नाही.

डिसेंबर २०१९ पासून एफसीए या वित्तीय नियामकाचा नियम आहे की सल्लागाराशिवाय येणाऱ्या नव्या सामान्य गुंतवणूकदाराने गुंतवणुकीच्या पैशांपैकी १० टक्क्यांपेक्षा जास्त यात घालू नये. राहतं घर आणि पेन्शन त्यात धरत नाहीत. खातं उघडताना तुम्ही तशी टिक बहुधा केली असेल. २०,००० हे तुमचे दहा टक्के असतील, तर तुमच्याकडे दोन लाख पौंड मोकळे आहेत. तसं असेल तर अभिनंदन, पण तरीही एका घरावर नको. घालायचेच असतील तर दोन हजार, आणि तेही पाच-सहा कर्जांत. ज्यांत काम झालेलं सर्व्हेयरने पाहिल्यावरच कर्जदाराला कर्जाचा पुढचा हप्ता सुटतो अशी निवडा.

प्रश्न : हीच कर्जं आयसात (करमुक्त बचत-गुंतवणूक खात्यात) ठेवली तर सुरक्षित होतात का?
– एक वाचक

उत्तर : नाही. इनोव्हेटिव्ह फायनान्स आयसा एप्रिल २०१६ पासून आहे आणि त्यात फक्त व्याजावरचा कर वाचतो. घर तेच, कर्जदार तोच. उलट बाहेर ठेवलेलं पीअर-टू-पीअर कर्ज बुडालं, तर ते नुकसान अशाच दुसऱ्या कर्जांच्या व्याजातून वजा करून कर कमी करता येतो. आयसातल्या नुकसानीला ती सवलत नाही.