विचारा तर खरं : ब्रेस्टजवळ खाल्लेला केक एडिसनला मिळेल का?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी भुसावळचा, रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालो. मुलगा फ्रान्समध्ये ब्रेस्टला नोकरीत होता तेव्हा आम्ही दोघं त्याच्याकडे राहून आलो. एकदा त्याने आम्हाला दुआर्नने नावाच्या बंदरावर फिरायला नेलं. तिथल्या बेकरीत मोठ्या ताटलीएवढा गोल, चपटा, वरून तपकिरी आणि चकाकणारा केक होता. बाईने त्याचा त्रिकोणी तुकडा कापून कागदात गुंडाळून दिला. गरम होता. वर साखरेचा कडक पापुद्रा, आत पदर आणि लोणी, आणि गोडातच कुठेतरी खारट. नाव ‘क्वीन्यामान’ असं मुलाने सांगितलं. पुढे मुलाची बदली अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनला झाली. तिथे गेलो असताना त्याच नावाचं काहीतरी त्याने हौसेने एका दुकानातून आणलं. ते वाटीएवढं, गार आणि चिवट. आमची सौ. शिरपूरकडची. एक घास खाऊन म्हणाली, “हाई ते नही शे.” येत्या जूनमध्ये पुन्हा एडिसनला जाणार आहोत. खरा केक तिकडे कुठे मिळेल? सौ. माळकरी आहे, तेव्हा त्यात अंडं असतं का? आणि भुसावळला घरी करायचं म्हटलं तर जमेल का? – आप्पा, भुसावळ

उत्तर : आप्पा, वहिनींना नमस्कार सांगा. एका घासात निकाल देणारी माणसं मला आवडतात. पण थोडी मुलाची बाजूही घेते. त्याने आणलं ते बनावट नव्हतं. क्वीन्यामानची दोन रूपं जगात फिरतात, त्यातलं दुसरं तुमच्या वाट्याला आलं. मूळचा दुआर्ननेचा केक मोठा असतो, घरी नेऊन चार-सहा जणांत कापून खायचा. परमुलखात गेला तो एकेकट्याच्या मापाचा झाला. लहान कड्यात किंवा मफिनच्या साच्यात बसवलेला, चारही टोकं मधोमध दुमडलेला, आतून क्रुआसाँसारखा, म्हणजे पदर सुटणाऱ्या फ्रेंच पावासारखा हलका. कॉफीचा पेला एका हातात आणि हा दुसऱ्या हातात, अशी सोय. मला तोही आवडतो. पण दुआर्ननेला जाऊन आलेल्या माणसाचं त्यावर भागत नाही, हेही खरं.

शिवाय तुम्ही तो गार खाल्लात. लोणी गार झालं की थिजतं, आणि वरची जळकी साखर हवेतला ओलावा ओढून चिकट होते. चिवटपणा आला तो तिथून. तोच तुकडा ओव्हनमध्ये १५०–१६० अंशांवर दहा मिनिटं ठेवला असता तर वहिनींनी कदाचित दुसरा घासही घेतला असता. मायक्रोवेव्हमध्ये मात्र नको. त्यात लोणी वितळतं, पण साखरेचा पापुद्रा मऊ पडतो आणि सगळी मजाच जाते.

आता अंड्याचं. मूळ केकात अंडं नसतं. तिथे सांगतात ती गोष्ट अशी : १८६० च्या सुमारास ईव्ह-रने स्कोर्डिया नावाच्या बेकरीवाल्याकडे गिऱ्हाइकांची गर्दी झाली आणि केक संपले. हाताशी पावाची कणीक, लोणी आणि साखर एवढंच होतं. त्याने तेच एकावर एक घडी घालून भट्टीत सारलं. गोष्टीला तिखटमीठ लागलं असेल, पण केकाची घडण आजही तीच आहे. मैदा, पाणी, यीस्ट, मीठ यांची पावाची कणीक ४० टक्के, लोणी ३० टक्के, साखर ३० टक्के. म्हणजे किलोभर केकात सहाशे ग्रॅम नुसतं लोणी आणि साखर! काही बेकरीवाले चकाकी यावी म्हणून वरून अंड्याचा बलक फासतात, आणि लहान आकाराच्या नव्या प्रकारांत कणकेतही अंडं घालणारे भेटतात. म्हणून वहिनींसाठी दर दुकानात विचारायचं, आत आहे का आणि वरून फासलंय का, दोन्ही.

तुम्हाला लागलेली खारट चव हीच खरी खूण आहे. ब्रिटनीत, म्हणजे फ्रान्सच्या त्या पश्चिम टोकाला, लोणी म्हटलं की खारंच. राज्यक्रांतीआधीच्या राजवटीत फ्रान्समध्ये मिठावर ‘गाबेल’ नावाचा कर होता, आणि बऱ्याच प्रांतांत तो फार जाचक होता. ब्रिटनीला त्यातून सूट होती. मीठही घरचंच, गेरांदच्या मिठागरांतलं. मीठ स्वस्त म्हणून लोण्यात सढळ हाताने पडलं. (आपल्याला मिठावरच्या करापायी १९३० साली दांडीपर्यंत चालावं लागलं. सूट मिळाली असती तर आपणही लोण्यात मीठ घातलं असतं की काय, कोण जाणे.) यजमानांच्या नोकरीमुळे आम्ही रेन शहरात राहिलो. तिथल्या लीसच्या शनिवार बाजारात मी एकदा बिनमिठाचं लोणी मागितलं, तर बाईने आधी माझ्याकडे पाहिलं, मग यजमानांकडे, आणि ‘घरात कुणी आजारी आहे का’ असं विचारलं!

तेव्हा एडिसनला पाटीवरचं नाव पाहून आत शिरू नका. काउंटरवर तीन गोष्टी विचारा. खारं लोणी वापरता का? आज सकाळचा आहे का? आणि मोठा, कापून देतात तसा, सांगितला तर कराल का? तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक जण नकारार्थी मान हलवतील, पण लहान बेकरीतला फ्रेंच कारागीर असेल तर एक दिवस आधी सांगून करूनही देतो. विशेषतः तुम्ही दुआर्ननेचं नाव घेतलंत तर.

न्यूयॉर्कला जाण्याची तयारी असेल तर एक ठिकाण सांगते. गार्डसाहेबांना गाडीचं काय सांगायचं, तरी सांगते. एडिसनहून नॉर्थईस्ट कॉरिडॉरची गाडी थेट पेन स्टेशनला जाते. तिथून ‘सी’ किंवा ‘ई’ भुयारी गाडीने स्प्रिंग स्ट्रीटला उतरायचं. जवळच डॉमिनिक आन्सेल यांची बेकरी आहे, २०११ साली उघडलेली. २०१३ मध्ये त्यांचा ‘क्रोनट’ (क्रुआसाँ आणि डोनट यांचा मिलाफ) गाजला आणि त्यासाठी पहाटेपासून रांगा लागायला लागल्या. पण त्याआधी त्यांची ओळख होती ती ‘डीकेए’ने. डीकेए म्हणजे ‘डॉमिनिकचा क्वीन्यामान’. एकेकट्याचा, मूळ केकापेक्षा हलका, पण साखर छान जळकी. दुआर्ननेची अपेक्षा ठेवून खाऊ नका, नवा पदार्थ म्हणून खा.

घराजवळची सोय हवी तर ट्रेडर जोज या दुकानांत गोठवलेले कच्चे क्वीन्यामान कधी असतात, कधी नसतात. मिळाले तर रात्री बाहेर काढून ठेवायचे, सकाळी फुगले की घरच्या ओव्हनमध्ये भाजायचे. खोक्यावर घटक छापलेले असतात, अंड्याचं तिथेच कळेल. आकाराने हेही लहानच, पण गरम तर मिळेल! माझ्या मते तुमच्या प्रश्नातला अर्धा भाग गरमपणाचाच आहे.

विमान पॅरिसमार्गे असलं आणि मध्ये मुक्काम पडला, तर मोंपार्नास स्टेशनच्या आसपासच्या गल्ल्या. ब्रेस्टची गाडी तुम्ही तिथूनच पकडली असणार. पॅरिसहून रेल्वे १८५७ मध्ये रेनला पोचली आणि १८६५ मध्ये ब्रेस्टला. त्याच गाड्यांनी ब्रिटनीची माणसं कामधंद्यासाठी पॅरिसला आली आणि उतरली तिथेच स्थिरावली. त्यांची खाण्याची दुकानं आजही त्या भागात आहेत. अर्थात केवळ केकासाठी शेंगेन व्हिसा काढा असं मी म्हणणार नाही.

खरं सांगायचं तर आपल्या मांड्यांचं जे होतं तेच याचं झालंय. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खापरावरून उतरलेला मांडा आमरसात बुडवून खाल्लेल्या माणसाला तोच मांडा घडी घालून, प्लास्टिकमध्ये बांधून पुण्याला मिळाला तर? पुरण तेच असतं, नाव तेच असतं, चूल आणि खापर मात्र मागे राहिलेलं असतं. म्हणून तुमच्या तिसऱ्या प्रश्नाला मी सगळ्यात जास्त महत्त्व देते. भुसावळला जमेल, आणि एडिसनमध्ये विकत घ्याल त्यापेक्षा बरं जमेल. फक्त मे महिन्यात नाही!

लोणी तिसाच्या वर गेलं की ढिलं पडतं आणि पस्तिशीच्या आसपास पाणी होतं. आपल्याकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा तुम्ही घडी घालायच्या आतच लोणी ओट्यावरून खाली येईल. हे काम डिसेंबर-जानेवारीतलं, आणि तेही सकाळी लवकर. अमेरिकेहून परताल तोवर थंडी लागलेलीच असेल.

लोण्यासाठी कुठे धावायला नको. आपलं नेहमीचं अमूल बटर चालतं. त्यात ८० टक्के स्निग्धांश असतो आणि मीठही असतंच. ब्रिटनीच्या खाऱ्या लोण्याशी हे छान जुळतं. घरचं ताज्या सायीचं लोणी घेऊ नका, त्यात पाणी फार.

मैदा २५० ग्रॅम, थंड पाणी दीडशे मिली, इन्स्टंट यीस्ट एक लहान चमचा, मीठ अर्धा चमचा. कणीक चांगली मळा, आपला मैदा जरा नरम असतो म्हणून पाच मिनिटं जास्तच. तासभर फुगू द्या, मग तासभर फ्रिजमध्ये. ही झाली ४०० ग्रॅम कणीक. दुआर्ननेच्या मापाने तिला ३०० ग्रॅम लोणी आणि ३०० ग्रॅम साखर लागेल, पण पहिल्या खेपेला २००–२०० घ्या. पूर्ण माप नवख्या हाताला आवरत नाही. लोण्याच्या दोन पुड्या प्लास्टिकच्या दोन कागदांत ठेवून लाटण्याने ठोकून चपट्या करा. लोणी वाकलं पाहिजे, तुटता कामा नये, आणि बोटाला चिकटताही कामा नये. कणीक चौकोनी लाटा, मध्ये लोणी ठेवून पाकिटासारखी बंद करा, लांब पट्टी लाटून तिची तिहेरी घडी घाला. अर्धा तास फ्रिज. पुन्हा लाटा, निम्मी साखर पसरा, तिहेरी घडी, अर्धा तास फ्रिज. मग उरलेल्या साखरेसह एकदा. साखर दाणेदारच हवी, पिठी नको.

साखर पडल्यावर मात्र गप्पा मारत बसू नका. ती कणकेतलं पाणी ओढते, पाक सुटतो आणि पदर विरघळतात. लगेच आठ इंची केकच्या भांड्यात हाताने गोल दाबून बसवा, वीस मिनिटं थांबा, वर सुरीने तिरप्या रेघा मारा आणि भाजायला टाका. २०० अंश, चाळीसेक मिनिटं. मध्येच कडेला उकळणारं लोणी चमच्याने वर घाला. बाहेर काढल्यावर चार-पाच मिनिटांत ताटात उपडा करायचा. उशीर केलात तर साखर भांड्याला अशी धरेल की छिन्नीच लागेल.

घरी ओव्हन नसेल तर दिवाळीला नानकटाईचं सामान घेऊन जिथे जाता ती भट्टी आहेच. भट्टीवाल्याला आधी सांगून ठेवा की पावाची आच हवी, नानकटाईची नको. नानकटाई मंद आचेवर होते, त्या आचेत हा केक तळल्यासारखा तेलकट होईल. आणि भांड्याखाली पत्रा ठेवायला विसरू नका. लोणी भट्टीच्या विटांवर सांडलं तर धूर होईल, आणि पुढच्या दिवाळीला तो तुमची नानकटाईही घेणार नाही.

या केकाचे आठ तुकडे करा. एका तुकड्यात २५ ग्रॅम साखर आणि तेवढंच लोणी जाईल, तेव्हा दोघांपैकी कुणाला साखरेचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून, आणि अर्धाच. बाकीचे शेजारी गरम असतानाच वाटून टाका. दुसऱ्या दिवशी उरलाच तर जाड तव्यावर, मंद आचेवर, झाकण न घालता गरम करा.