वाचकांचे प्रश्न : अभिवचन खोटं ठरलं का?

प्रश्न : माझा धाकटा भाऊ कर्करोगाने गेला. त्याच्या आजारपणात मंडळीतल्या भगिनींनी बायबलमधली यिर्मया 29:11 ही ओवी फ्रेम करून दिली होती, देवाचे संकल्प हिताचे आहेत म्हणून. आम्ही तेच अभिवचन धरून प्रार्थना करत राहिलो. आता काहीजणी म्हणतात, विश्वास कमी पडला. देवाच्या अभिवचनावर आशा ठेवायची म्हणजे नेमकं काय करायचं?
– एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, ‘विश्वास कमी पडला’ हे बोलणं आधी मनातून काढून टाका. मरणाचं कोडं सुटत नाही, तेव्हा ते घरच्यांच्या माथी मारणं सोपं जातं, एवढाच त्याचा अर्थ.

ती ओवी एकटी वाचू नका. बाबेलच्या बंदिवासात गेलेल्या यहूद्यांना यिर्मया संदेष्ट्याने लिहिलेल्या पत्रातली ती आहे, आणि तिच्या आधीच्याच ओवीत सत्तर वर्षांची मुदत सांगितली आहे. पत्र ऐकणाऱ्या बहुतेक मोठ्या माणसांना यरुशलेम पुन्हा दिसणार नव्हतं. हनन्या नावाचा संदेष्टा मात्र सांगत होता, दोन वर्षांत सगळं पूर्ववत होईल. (असे हनन्ये आजही भाव खातात.) भाऊ बरा व्हावा म्हणून तुम्ही मागितलंत, ते योग्यच होतं. पण मागणं वेगळं आणि अभिवचन वेगळं. तो बरा होईल असा शब्द त्या ओवीने दिलेलाच नव्हता, मग तो मोडला कसा म्हणायचा?

आता त्याच पुस्तकाचा 32वा अध्याय काढा. यरुशलेम शहराला बाबेलच्या सैन्याचा वेढा, यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत, आणि चुलतभाऊ येऊन म्हणतो, अनाथोथचं माझं शेत विकत घे. यिर्मया सतरा शेकेल रुपं तराजूत तोलून देतो, साक्षीदार बोलावतो, खरेदीखतावर मोहर लावतो आणि खत पुष्कळ दिवस टिकावं म्हणून मातीच्या मडक्यात ठेवायला सांगतो. या देशात पुन्हा घरं, शेतं, द्राक्षमळे विकत घेतले जातील, एवढाच देवाचा शब्द त्याच्याकडे असतो. गंमत पुढे आहे. व्यवहार उरकल्यावर तो प्रार्थनेत देवाला विचारतो, शहर तर खास्द्यांच्या, म्हणजे बाबेलवाल्यांच्या, हाती चाललंय, आणि तू मला शेत घ्यायला सांगतोस? शंका आहे, पण खत मडक्यातच आहे. पुढे लोकांनी त्याला मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, नेलं. ते शेत त्याने कसल्याचा उल्लेख नाही. मला विचाराल तर ख्रिस्ती आशा अशी असते.

आपलं खत म्हणजे येशूचं पुनरुत्थान. ते झालंच नसेल तर आपला विश्वास व्यर्थ, असं प्रेषित पौल करिंथकरांना रोखठोक लिहितो. थेस्सलनीकाकरांना तो ‘रडू नका’ म्हणत नाही. आशा नसलेल्यांसारखा शोक करू नका, एवढंच म्हणतो. मेलेल्या लाजराला आपण उठवणार हे ठाऊक असूनही येशू रडलाच की.

प्रार्थनेला शब्द सुचत नसतील तर 88वं स्तोत्र मोठ्याने वाचा. त्यात शेवटी दिलासा नाही, ते अंधारावरच संपतं, तरी पवित्र शास्त्रातून ते कुणी वगळलं नाही. वाचताना त्या भगिनींपैकी एकीला सोबत बसवा. त्यातल्या त्यात कमी बोलणारी निवडा.