आईंना टोनिंग शूज द्यावेत का? माझं उत्तर

आईंना मधुमेह आहे, टाच दुखते आणि भावाने अमेरिकेहून टोनिंग शूज पाठवलेत; ते घालून त्यांना सकाळी फिरायला जाऊ द्यावं का, असं विचारलंयत. वाचताना माझीच टाच ठणकली. बर्फाचा शेक, पोटऱ्या ताणणं वगैरे तुम्ही करतच असाल, त्यात जात नाही. (मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगते.)

माझं मत: सध्या देऊ नका. या बुटांचा तळ मुद्दाम डळमळता ठेवतात. तोल सावरता सावरता पोटऱ्या-मांड्यांना व्यायाम होतो, असा दावा. असल्याच दाव्यांवरून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकांची फसवणूक रोखणारी सरकारी संस्था) कंपन्यांना धारेवर धरलं. रिबॉकला २०११ मध्ये अडीच कोटी डॉलर मोजावे लागले, स्केचर्सला २०१२ मध्ये चार कोटी. भावाला हे कळवा. भाऊबीज जवळ आली असेल तर राहू द्या.

मीही असेच शूज घेतले होते, आणि मला शूजपेक्षा ते विकणारे महागात पडले. पायाचा 'स्कॅन' काढून देणारं दुकान, नाव घेत नाही. पडद्यावर तळव्याचे लाल-निळे ठसे, शेजारी पांढरा कोट घातलेला मुलगा. टाचेच्या वरची शीर दुखायला लागली म्हणून गेले, तर म्हणे, "मॅडम, स्नायू जागे होतायत, घालत राहा." पुन्हा गेले तर, "तळ झिजलाय, आता परत घेता येणार नाही." अहो, घालत राहा म्हणालं कोण? पुढे सोसायटीच्या पेव्हर ब्लॉकवर घोटा मुरगळला तो मुरगळलाच. अजून जिना उतरताना कठडा धरते.

सगळं टाकाऊ आहे असंही नाही. अंगठ्याचा सांधा आखडलेल्यांना पुढून उचललेला कडक तळ खरंच बरा पडतो, कारण चालताना अंगठा फारसा वाकवावा लागत नाही. मधुमेहात चवड्यावरचा दाब कमी करायला डॉक्टरही तसा तळ देतात. पण पाय तपासून, माप घेऊन. पाय बधिर असेल तर जमीन नीट कळत नाही, त्यात खालून बूट डुगडुगला की माणूस पडलाच म्हणून समजा.

म्हणून आधी मोनोफिलामेंट चाचणी करून घ्या. नायलॉनचा तंतू तळव्याला टेकवून विचारतात, कळतंय का, पटकन होते. घरात अनवाणी फिरू देऊ नका. एमसीआरच्या (बारीक छिद्रांच्या मऊ रबराच्या) चपला दिसायला बेंगरूळ, पण माझ्या मते शंभरपट बऱ्या.

आणि शूजचा फोटो टाका, तळ बाजूने दिसेल असा. नुसता पुढून उचललेला असेल तर डॉक्टरांना दाखवून बघा. टाचेखालीही गोल असेल तर सरळ माळ्यावर टाका.