वाचकांचे प्रश्न : हॅम स्पर्धेत तीन संगणकांवर एकच स्पॉट कसे आणावेत?

प्रश्न : आमचा हॅम मंडळींचा (हौशी रेडिओचालकांचा) लहान गट नोव्हेंबरअखेरच्या सीक्यू वर्ल्ड वाइड मोर्स स्पर्धेत ‘मल्टी-टू’ (अनेक चालक, दोन ट्रान्समीटर) गटातून उतरणार आहे. जागा शेतावरच्या घरात आहे. दोन ट्रान्सीव्हर (प्रक्षेपण आणि ग्रहण दोन्ही करणारे रेडिओ), तीन लॅपटॉप आणि मोबाइलचे इंटरनेट एवढे साहित्य आहे. सरावात प्रत्येक लॅपटॉपवर क्लस्टरचे (इंटरनेटवरील सामाईक सूचना-यंत्रणेचे) स्पॉट, म्हणजे कोणते स्थानक कोणत्या फ्रिक्वेन्सीवर आहे याच्या सूचना, वेगवेगळे दिसले, आणि मधूनच सगळेच थांबले. तिन्हींवर एकच माहिती कशी आणावी? — एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : आपण तिन्ही लॅपटॉप स्वतंत्रपणे क्लस्टरला जोडले असावेत, असे वर्णनावरून दिसते, आणि गोंधळाचे मूळ बहुधा तेथेच आहे. क्लस्टरशी टेलनेट जोडणी (इंटरनेटवरून साधा मजकूर आणणारी जोडणी) एकाच संगणकाने करावी आणि त्याला मिळालेले स्पॉट त्याने घरातल्या घरात इतरांना वाटावेत, ही रीत एन१एमएम लॉगर प्लस, विन-टेस्ट आणि डीएक्सलॉग या स्पर्धेच्या तिन्ही परिचित प्रोग्रॅममध्ये पाळता येते. आपल्याकडे तिसरा लॅपटॉप रेडिओला जोडलेला नाही. तोच या कामाला लावावा, म्हणजे कीइंग करणाऱ्या (रेडिओमार्फत मोर्स पाठवणाऱ्या) संगणकांवर जादा भार पडणार नाही.

लॅपटॉप एकमेकांना जोडण्यासाठी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर विसंबू नये. फोन आला, बॅटरी उतरली किंवा कोणी फोन खिशात घालून अंगणात गेले, की इंटरनेटबरोबर आपले अंतर्गत जाळेही कोसळते. ‘मधूनच सगळेच थांबले’ याचे कारण हेच असण्याची शक्यता मोठी आहे. एक साधा राउटर घेऊन तिन्ही लॅपटॉप त्याला लॅन केबलने जोडावेत आणि इंटरनेट फक्त त्या राउटरकडे आणावे. मग बाहेरची जोडणी तुटली तरी स्पॉट येणे तेवढे थांबेल. एका रेडिओवर नोंदवलेला संपर्क दुसऱ्यावर दिसत राहील, आणि ‘मल्टी-टू’ गटात ते स्पॉटपेक्षाही महत्त्वाचे आहे. एका बँडवर (फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यावर) एका स्थानकाशी दोघांपैकी कोणीतरी एकदाच संपर्क करायचा असतो. शिवाय प्रत्येक ट्रान्समीटरला घड्याळाच्या एका तासात जास्तीत जास्त 8 वेळा बँड बदलता येतो आणि कोणता संपर्क कोणत्या ट्रान्समीटरने केला हे लॉगमध्ये (संपर्कांच्या नोंदवहीत) नोंदलेले असावे लागते.

जोडणी झाल्यावरही संगणक एकमेकांना ‘दिसत’ नसतील, तर बहुतेक वेळा दोष विंडोजच्या फायरवॉलचा असतो. नेटवर्कचा प्रकार ‘प्रायव्हेट’ ठेवावा आणि लॉगिंगच्या प्रोग्रॅमला फायरवॉलमधून मुभा द्यावी. फायरवॉल समूळ बंद करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, तो मला पटत नाही. तिन्हींवर प्रोग्रॅमची आवृत्ती एकच असावी आणि स्पर्धाही तीच उघडलेली असावी. एन१एमएममध्ये प्रत्येक संगणक आपला स्वतंत्र डेटाबेस ठेवतो आणि नवा संपर्क इतरांना कळवतो. त्यामुळे एखादा लॅपटॉप काही वेळ जाळ्याबाहेर राहिला, तर परत आल्यावर नोंदी पुन्हा जुळवून घेण्याची सोय वापरावी. घड्याळे आदल्या रात्री इंटरनेटवरील वेळेशी मिळवावीत. स्पर्धा 0000 यूटीसीला (जागतिक प्रमाणवेळेला), म्हणजे आपल्याकडे शनिवारी पहाटे साडेपाचला सुरू होऊन 48 तास चालते, आणि घड्याळ चुकले तर लॉगमधील वेळाही चुकतात.

आता स्पॉटच्या दर्जाविषयी, कारण तिन्हींवर एकच माहिती आली तरी ती निरुपयोगी असू शकते. मोर्स स्पर्धेत बहुसंख्य स्पॉट माणसे देत नाहीत. रिव्हर्स बीकन नेटवर्कला जोडलेले, आपोआप मोर्स वाचणारे स्किमर ते देतात. त्याचा कच्चा प्रवाह स्पर्धेच्या दिवशी अक्षरशः लोंढ्यासारखा येतो. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर 160 मीटरच्या बँडवर ऐकू येणारे स्थानक त्याच क्षणी साताऱ्यात ऐकू येईल असे नाही. म्हणून स्पॉट देणारा कोठला आहे यावर गाळणी लावून आशियातील आणि आसपासच्या श्रोत्यांचेच स्पॉट घ्यावेत. शक्यतो ही गाळणी क्लस्टरच्या नोडवरच (आपण जोडलेल्या सर्व्हरवरच) लावावी. मोबाइलच्या तुटपुंज्या जोडणीवरून नको असलेली माहिती आणून मग ती लपवण्यात अर्थ नाही. बँड मॅपवर (स्पॉट फ्रिक्वेन्सीच्या क्रमाने दाखवणाऱ्या खिडकीत) उरलेल्या नावांचे रंग कामाला येतात : एन१एमएममध्ये निळे म्हणजे साधा नवा संपर्क, लाल म्हणजे एक नवा मल्टिप्लायर (एकूण गुणांना गुणणारा नवा देश किंवा झोन, म्हणजे जगाचा ठरावीक विभाग), हिरवे म्हणजे एकाहून अधिक, उदाहरणार्थ देशही नवा आणि झोनही नवा, आणि करडे म्हणजे आधीच झालेले स्थानक. एवढे असूनही स्किमर एखादा डॉट चुकीचा वाचतो आणि कॉलसाइन (स्थानकाचे ओळखनाव) बिघडते, म्हणून स्पॉटवर क्लिक केल्यावर समोरच्याचे कॉलसाइन स्वतःच्या कानांनी ऐकल्याशिवाय लॉगमध्ये घालू नये.

एक गोष्ट आपण विचारलेली नाही, तरी ती सांगणे आवश्यक आहे. लॅनचे जाळे स्वतःच रेडिओत गोंगाट करते. 14.030 आणि 21.052 मेगाहर्ट्झच्या आसपास बारीक शिट्टीसारखे स्वर ऐकू आले आणि राउटरच्या केबल काढताच ते गेले, तर कारण सापडले असे समजावे; आणि ही दोन्ही ठिकाणे नेमकी मोर्सच्या भागात येतात. केबलला दोन्ही टोकांशी फेराइट कड्यावर (असा गोंगाट अडवणाऱ्या चुंबकीय कड्यावर) काही वेढे द्यावेत आणि केबल अँटेनाच्या फीडलाइनपासून (रेडिओ आणि अँटेना जोडणाऱ्या तारेपासून) दूर न्यावी. उलट दिशेचा त्रासही होतो : पूर्ण शक्तीने प्रक्षेपण केले की राउटर बंद पडून पुन्हा सुरू होतो. त्यावरही फेराइटच उपयोगी पडते. राउटरचा स्वस्त अडॅप्टर गोंगाट करत असेल आणि त्यावर 12 व्होल्ट असे छापलेले असेल, तर राउटर बॅटरीवर चालवता येतो. वीज गेल्यावरही मग जाळे उभे राहते. हे सारे आदल्या दिवशी, दोन्ही रेडिओ एकाच वेळी पूर्ण शक्तीवर चालवून तपासावे.

प्रश्न : मी एकटाच भाग घेतो. घरातल्या दुसऱ्या संगणकावर क्लस्टर उघडून ठेवला आणि लॉग पहिल्यावर लिहिला, तर चालेल का? — एक वाचक, ठाणे

उत्तर : संगणक दोन असल्याने नियम बदलत नाही. सीक्यू वर्ल्ड वाइडमध्ये साध्या एकल गटाला क्लस्टर आणि स्किमर, दोन्हींचे साहाय्य वर्ज्य आहे, मग ते कोणत्याही पडद्यावर असो. स्पॉट पाहायचे असतील तर ‘असिस्टेड’ एकल गटातून लॉग पाठवावा. बहुचालक गटांना ही मुभा मुळातच आहे, म्हणून वरच्या प्रश्नात हा मुद्दा उपस्थित झाला नाही. इतर स्पर्धांचे नियम वेगळे असतात. ज्या स्पर्धेत उतरायचे तिची त्या वर्षीची नियमावली वाचून मगच गट ठरवावा.